ॲड-इन बंद पडते तेव्हा नेमके काय बंद पडलेले असते?

शुक्रवारी संध्याकाळी काम संपवून संगणक बंद केलेला असतो. सोमवारी सकाळी मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हे कामांची वेळापत्रके आखण्याचे सॉफ्टवेअर उघडावे, वेळापत्रकाची फाइल नेहमीसारखी समोर यावी, आणि ज्या टॅबवरचे एक बटण दाबून दर आठवड्याचा प्रगती अहवाल निघत असे, तो टॅबच रिबनवरून नाहीसा झालेला असावा, असा अनुभव नियोजन विभागात काम करणाऱ्या बहुतेकांना केव्हा ना केव्हा येतो. अशा वेळी ॲड-इन काढून टाकावे आणि पुन्हा इन्स्टॉल करावे, हा सल्ला पहिल्या दोन मिनिटांत मिळतो. तो सल्ला पाळूनही टॅब परत आला नाही, की मग प्रोजेक्ट पुन्हा इन्स्टॉल होते, त्यानंतर अख्खे ऑफिस, आणि दुपारपर्यंत अहवाल हातानेच तयार करावा लागतो. हा सारा खटाटोप बहुधा वाया जातो, कारण ॲड-इन बंद का झाले याची नोंद ॲड-इनच्या फाइलींमध्ये नसतेच, ती अन्यत्र असते. ती कोठे असते आणि कशी वाचायची, हे समजून घेणे पुन्हा इन्स्टॉल करण्यापेक्षा कमी वेळाचे काम आहे.

आधी ॲड-इन म्हणजे काय, ते पाहू. मूळ सॉफ्टवेअरला बाहेरून जोडलेले साधन म्हणजे ॲड-इन. प्रोजेक्टची पहिली आवृत्ती १९८४ मध्ये डॉससाठी आली आणि विंडोजवरची १९९० मध्ये. इतक्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरची साधने जोडण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या काळात तयार झाल्या आणि आज त्या सगळ्या एकत्र नांदत आहेत. सर्वांत घरगुती पद्धत मॅक्रोची, म्हणजे प्रोजेक्टच्याच आत लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमची. मॅक्रो एखाद्या फाइलमध्ये किंवा ग्लोबल.एमपीटी या साच्यात साठवलेला असतो. दुसरी पद्धत कॉम ॲड-इनची, म्हणजे विंडोजच्या कॉम या जोडणीच्या पद्धतीवर बांधलेल्या वेगळ्या प्रोग्रॅमची. ही सोय ऑफिस २००० च्या पिढीपासून आहे. तिसरे व्हीएसटीओ ॲड-इन, जे मुळात कॉम ॲड-इनच असते, मात्र डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत लिहिलेले आणि स्वतःच्या वेगळ्या रनटाइमवर, म्हणजे ते चालवणाऱ्या सहायक सॉफ्टवेअरवर, चालणारे. चौथे वेब ॲड-इन, जे उजवीकडच्या उपखिडकीत उघडते आणि खरे पाहता एक वेब पान असते.

यांपैकी कॉम आणि व्हीएसटीओ ही दोन्ही प्रोजेक्टच्या घरात राहणाऱ्या पोटभाडेकरूंसारखी आहेत. त्यांची चूल वेगळी नसते. प्रोजेक्टच्याच प्रोसेसमध्ये, त्याच्याच मेमरीत ती चालतात, आणि त्यांनी काही पेटवून दिले तर घरमालकाचेही घर जळते. म्हणूनच प्रोजेक्ट त्यांच्यावर बारीक लक्ष ठेवते आणि संशय आला की कोणाला न विचारता त्यांना दाराबाहेर उभे करते. सोमवारी सकाळी नाहीसा झालेला टॅब हा बहुधा या सावधपणाचा परिणाम असतो.

टॅब दिसतच नाही

फाइल, त्यानंतर ऑप्शन्स, त्यानंतर ॲड-इन्स या मार्गाने गेल्यास एक यादी दिसते. तिच्यात चालू असलेली, बंद असलेली आणि प्रोजेक्टने स्वतः अक्षम केलेली ॲड-इन्स वेगवेगळ्या गटांत लिहिलेली असतात. आपले ॲड-इन कोणत्या गटात आहे, यावर पुढचे सर्व अवलंबून असते. म्हणून अन्य काहीही करण्यापूर्वी ही यादी पाहावी, आणि शक्य तर तिचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा.

अक्षम केलेल्यांच्या गटात नाव असेल, तर त्याचा अर्थ असा की ते ॲड-इन चढत, म्हणजे मेमरीत येऊन सुरू होत, असताना प्रोजेक्ट अचानक बंद पडले होते आणि पुढच्या वेळी तसे होऊ नये म्हणून प्रोजेक्टने त्याला काळ्या यादीत टाकले. त्याच पानाच्या तळाशी ‘मॅनेज’ या शब्दापुढच्या पेटीत ‘डिसेबल्ड आयटम्स’ निवडून ‘गो’ दाबले, की ही काळी यादी उघडते आणि तेथून नाव मोकळे करता येते. मोकळे केल्यावरही कॉम ॲड-इन्सच्या यादीत जाऊन त्याच्यापुढची खूण पुन्हा करावी लागते. ही दुसरी पायरी विसरली जाते आणि ‘मोकळे करूनही चालत नाही’ अशी तक्रार येते.

बंद असलेल्यांच्या गटात नाव असेल, तर गोष्ट सौम्य आहे. ॲड-इन सुरू होताना त्याच्या स्वतःच्या कोडमध्ये काही चुकले, पण प्रोजेक्ट कोसळले नाही; त्याने फक्त रजिस्ट्रीतला, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतला, एक आकडा बदलला. हा आकडा लोडबिहेवियर या नावाने साठवलेला असतो. तो ३ असेल तर ॲड-इन प्रोजेक्टबरोबर सुरू होते आणि सध्या सुरू आहे. तो २ असेल तर त्याने प्रोजेक्टबरोबर सुरू व्हायला हवे, परंतु सध्या ते उतरवलेले आहे. शून्य म्हणजे आपोआप सुरू होऊच नये. ८ आणि ९ हे आकडे गरज पडेल तेव्हाच चढणाऱ्या ॲड-इन्ससाठी असतात. म्हणजे शुक्रवारचा ३ सोमवारी २ झाला, एवढीच अनेकदा या संपूर्ण प्रकरणाची हकिकत असते.

पुन्हा इन्स्टॉल करण्याचा उपाय का फसतो, ते येथे उलगडते. कंपनीच्या संगणकांवर ॲड-इन साधारणपणे सर्व वापरकर्त्यांसाठी बसवलेले असते, आणि त्याची मूळ नोंद रजिस्ट्रीच्या संगणकव्यापी भागात जाते, जेथे लिहिण्याचा अधिकार फक्त प्रशासकाला असतो. प्रोजेक्ट मात्र सामान्य वापरकर्त्याच्या अधिकाराने चालते. त्यामुळे ॲड-इन बंद केल्याची नोंद ते त्या वापरकर्त्याच्या स्वतःच्या भागात करते आणि ही नोंद मूळ नोंदीवर मात करते. पुन्हा इन्स्टॉल केल्यावर संगणकव्यापी भागात ३ नव्याने लिहिला जातो, पण वापरकर्त्याच्या भागातला २ जसाच्या तसा राहतो. काळी यादीसुद्धा वापरकर्त्यागणिक वेगळी असते. त्याच संगणकावर सहकाऱ्याने स्वतःच्या नावाने लॉगिन केले आणि त्याला टॅब व्यवस्थित दिसला, तर दोष ॲड-इनच्या फाइलींमध्ये नसून पहिल्या वापरकर्त्याच्या नोंदीत आहे, असे बरेचसे खात्रीने म्हणता येते. ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि तिच्याइतके स्वच्छ उत्तर देणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही.

कधी असे होते की कॉम ॲड-इन्सच्या यादीत खूण करावी, ठीक आहे म्हणावे, पुन्हा उघडून पाहावे, तर खूण गायब. याचे कारण बहुधा हेच असते की खूण केल्यावर ॲड-इन पुन्हा चढण्याचा प्रयत्न करते, पुन्हा अडखळते आणि पुन्हा २ वर येते. म्हणजे आता अडखळण्याचे मूळ शोधले पाहिजे, आणि अडचण अशी की व्हीएसटीओ ॲड-इन अडखळले तरी पडद्यावर एक अक्षरही दाखवत नाही. त्याला बोलते करण्यासाठी विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये व्हीएसटीओ_सप्रेसडिस्प्लेअलर्ट्स या नावाचे, अर्थात रोमन मोठ्या अक्षरांतले, व्हेरिएबल तयार करून त्याची किंमत ० ठेवावी आणि प्रोजेक्ट पुन्हा सुरू करावे. मग चुकीचा पूर्ण मजकूर खिडकीत उमटतो: अमुक फाइल सापडली नाही, प्रमाणपत्राची मुदत संपली, रनटाइमची आवृत्ती जुळत नाही. काम झाल्यावर ते व्हेरिएबल काढून टाकावे.

सर्व उपाय करूनही नाव कोणत्याच यादीत दिसत नसेल, तर ३२ आणि ६४ बिटांच्या आवृत्त्यांचा घोळ आहे का, ते पाहावे. प्रोजेक्ट आणि ऑफिसचे अन्य भाग एकाच जातीचे असावे लागतात. ३२ बिटांचे एक्सेल आणि ६४ बिटांचे प्रोजेक्ट एका संगणकावर सुखाने बसवता येत नाहीत. अनेक वर्षे ३२ बिटांचीच आवृत्ती बसवण्याचा रिवाज होता. ऑफिस २०१९ पासून इन्स्टॉलर आपणहून ६४ बिटांची आवृत्ती बसवतो. संगणक बदलला, नवे ऑफिस आले आणि जुने ॲड-इन मात्र तेच राहिले, की ३२ बिटांसाठी बांधलेली डीएलएल, म्हणजे ॲड-इनचा कोड असलेली, फाइल ६४ बिटांच्या प्रोजेक्टमध्ये चढूच शकत नाही. येथे वापरकर्त्याला करण्यासारखे काही नसते. पुरवठादाराकडून दुसरा इन्स्टॉलर मागवावा लागतो. मॅक्रोच्या बाबतीत हाच दोष वेगळ्या रूपात दिसतो: विंडोजची अंतर्गत फंक्शन्स बोलावणाऱ्या जुन्या ओळी ६४ बिटांत अडतात आणि त्यांच्यात पीटीआरसेफ हा शब्द घालून चलांचे प्रकार तपासावे लागतात.

वेब ॲड-इनची उपखिडकी कोरी दिसत असेल, तर बहुधा नेटवर्क किंवा साठवलेली जुनी प्रत यांपैकी एक कारण असते. वापरकर्त्याच्या लोकल ॲपडेटामधील ऑफिसच्या फोल्डरात डब्ल्यूईएफ नावाचा फोल्डर असतो. प्रोजेक्ट बंद करून त्यातला मजकूर काढला की प्रत नव्याने येते.

टॅब दिसतो, बटण दाबले की चूक येते

येथे प्रश्न बदलतो. ॲड-इन चढले आहे, चालत आहे, आणि आपल्या फाइलीतली एखादी गोष्ट त्याला पचलेली नाही. पहिली शंका घ्यावी ती कोऱ्या ओळीची.

वेळापत्रक वाचायला सोपे जावे म्हणून दोन टप्प्यांच्या मध्ये एखादी ओळ कोरी सोडण्याची सवय आपल्याकडे फार आहे. माणसाच्या डोळ्यांना ती मोकळी जागा वाटते, पण मॅक्रोला तेथे टास्क असायला हवा होता आणि काहीच नाही, असे दिसते. पायाचे काम ओळ १२ वर संपते, १३ कोरी आहे, १४ पासून कॉलमची कामे सुरू होतात. मॅक्रो एकेक टास्क उचलत तेराव्यावर येतो, त्याचे नाव विचारतो आणि ‘रन-टाइम एरर ९१’ देऊन थांबतो. त्या संदेशाचा अर्थ एवढाच की ज्या वस्तूला प्रश्न विचारला, ती अस्तित्वातच नाही. मॅक्रोमध्ये ‘हा टास्क रिकामा नसेल तरच पुढे जा’ अशी एक अट घातली की प्रश्न मिटतो. ती घालता येत नसेल, तर फाइलीच्या प्रतीतून कोऱ्या ओळी काढून पाहाव्यात. हा दोष शिकाऊ माणसांच्या मॅक्रोंमध्ये असतो, तसाच पैसे मोजून घेतलेल्या साधनांमध्येही मी पाहिला आहे.

याचे भावंड म्हणजे ‘रन-टाइम एरर १३’, प्रकार न जुळल्याची चूक. जे काम अजून सुरू झालेले नाही, त्याची प्रत्यक्ष सुरुवातीची तारीख विचारली असता प्रोजेक्ट तारखेऐवजी ‘एनए’ ही अक्षरे परत देते. डेडलाइन न दिलेल्या कामाचेही तसेच. तारखांची वजाबाकी करू पाहणारा मॅक्रो अक्षरे पाहून थांबतो. म्हणूनच सर्व कामे सुरू झालेल्या जुन्या प्रकल्पावर जे साधन बिनतक्रार चालते, तेच नव्या प्रकल्पावर पहिल्याच दिवशी आडवे होते, आणि दोष विनाकारण नव्या फाइलीला दिला जातो.

तिसरा प्रकार असा की मॅक्रो एका संगणकावर चालतो आणि दुसऱ्यावर ‘प्रोजेक्ट किंवा लायब्ररी सापडत नाही’ असे म्हणतो. मॅक्रोच्या संपादकात टूल्समधील रेफरन्सेस उघडल्यास एखाद्या ओळीपुढे ‘मिसिंग’ लिहिलेले आढळते. हरवलेली लायब्ररी बहुतेक वेळा एक्सेलची वेगळी आवृत्ती असते. गंमत अशी की चूक मात्र अगदी साध्या, तिच्याशी काही संबंध नसलेल्या ओळीवर, कधी कधी ‘डेट’ किंवा ‘लेफ्ट’ यांसारख्या मूळच्याच फंक्शनवर दाखवली जाते, त्यामुळे लोक तासन्‌तास त्या ओळीकडे पाहत बसतात.

चूक येत नाही, उत्तर मात्र चुकीचे येते

वरचे दोन्ही प्रकार परवडले, असे म्हणण्याची वेळ या तिसऱ्या प्रकारात येते. येथे कोणताही संदेश नसतो. अहवाल सुबक छापला जातो आणि बैठकीत कोणीतरी विचारते की स्लॅबला पाणी मारण्याचे काम २१ दिवस कसे चालेल.

हे उदाहरण माझ्यासमोर घडलेले आहे. वेळापत्रकात स्लॅबच्या क्युरिंगसाठी, म्हणजे पाणी मारण्यासाठी, ७ दिवस दिले होते आणि ते योग्य रीतीने, म्हणजे ‘इलॅप्स्ड’ दिवसांत दिले होते, कारण काँक्रीट रविवारची सुट्टी घेत नाही आणि रात्री झोपतही नाही. प्रोजेक्ट कोणताही कालावधी आतल्या आत मिनिटांत साठवते. कामाचा साधा एक दिवस ८ तासांचा, म्हणून ४८० मिनिटे. इलॅप्स्ड दिवस २४ तासांचा, म्हणून १,४४० मिनिटे. सात दिवसांची मिनिटे झाली १०,०८०. अहवाल काढणाऱ्या ॲड-इनने सरसकट सर्व कामांच्या मिनिटांना ४८० ने भागले आणि क्युरिंगपुढे २१ छापले. तारखा बरोबर होत्या, गँट चार्टवरची पट्टी बरोबर होती, केवळ तो एक स्तंभ चुकला होता, आणि दोन महिने तो कोणाच्या ध्यानात आला नव्हता. अहवालातला कालावधी मूळच्या नेमका तिप्पट दिसला, तर दुसरे काही शोधू नये.

उलट बाजूचे उदाहरणही सांगायला हवे, कारण कित्येकदा साधन निर्दोष असते आणि मांडणी चुकलेली असते. प्रोजेक्टच्या मूळ मांडणीत आठवडा ४० तासांचा धरलेला आहे. आपल्याकडे बांधकामावर आठवडा सहा दिवसांचा असतो, म्हणून कॅलेंडरमध्ये शनिवार कामाचा केला जातो. पण ऑप्शन्समधील शेड्यूल या पानावरचा ‘आठवड्याचे तास’ हा आकडा ४० चा ४८ करायला कोणी जात नाही. परिणामी ‘१ आठवडा’ असे लिहिलेले काम सोमवारी सुरू होऊन शनिवारऐवजी शुक्रवारीच संपते. ॲड-इन बिचारे ४० तासच पाहते आणि तसेच छापते.

तारखांचा गोंधळ याच जातीचा. एक्सेलमधून तारखा उचलून प्रोजेक्टमध्ये भरणारे साधन अमेरिकी पद्धतीने लिहिलेले असेल, तर ०३/०४/२०२५ या आपल्या ३ एप्रिलचा ते ४ मार्च करते. १३/०४/२०२५ मात्र बरोबर भरले जाते, कारण तेरावा महिना नसतो. महिन्याच्या पहिल्या १२ तारखा भलत्याच महिन्यांत जाऊन बसलेल्या आणि त्यापुढच्या जागच्या जागी असल्या, की विंडोजच्या प्रादेशिक मांडणीकडे पाहावे.

आणखी एक तक्रार अशी येते की ॲड-इन चालवल्यापासून वेळापत्रक गोठले आहे. कालावधी बदलला तरी पुढची कामे हलत नाहीत. हजारो कामांच्या फाइलीवर वेग यावा म्हणून ही साधने सुरुवातीला प्रोजेक्टची आपोआप होणारी आकडेमोड बंद करतात आणि शेवटी ती पुन्हा चालू करतात. मध्येच चूक होऊन साधन थांबले, तर शेवटची ती ओळ कधी चालतच नाही. एफ९ दाबल्यावर कामे आपापल्या जागी सरकली, तर निदान पक्के झाले. मग ऑप्शन्समध्ये जाऊन आकडेमोड आपोआप होण्यावर ठेवावी. एफ९ नेही काही हलले नाही, तर त्या कामांपुढे टाचणीचे चिन्ह आहे का ते पाहावे. प्रोजेक्ट २०१० पासून नवीन कामे मूळ मांडणीत ‘मॅन्युअली शेड्यूल्ड’ म्हणून तयार होतात, आणि अशी कामे स्वतःच्या तारखा सोडत नाहीत. त्यात ॲड-इनचा काही हात नसतो.

एकाच फाइलीवर दोन साधने चालत असतील, तर मोकळ्या स्तंभांवरून भांडण होऊ शकते. प्रोजेक्ट प्रत्येक टास्कसाठी मजकुराचे ३०, संख्यांचे २० आणि हो-नाही प्रकारचे २० मोकळे स्तंभ देते. साधने आपली खाजगी माहिती त्यांतल्याच एखाद्यात, बहुधा शेवटच्या क्रमांकांत, लिहून ठेवतात, कारण तिकडे कोणी फिरकत नाही असा समज असतो. दोघांनीही तोच समज केला, की टेक्स्ट३० मध्ये सकाळी एकाने लिहिलेले दुपारी दुसरे पुसून टाकते. कोणते साधन कोणते स्तंभ वापरते, याचा एक कागद नियोजन विभागात लावलेला असावा, असे माझे स्पष्ट मत आहे; तो कागद मी प्रत्यक्षात फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

शोध घेण्याची रीत

दोष कोणत्या प्रकारात बसतो हे कळले नाही, तर सर्व ॲड-इन्सच्या खुणा काढाव्यात, प्रोजेक्ट बंद करून पुन्हा उघडावे आणि दोष उरतो का ते पाहावे. उरला नाही, तर एकेक ॲड-इन परत आणावे, आणि प्रत्येक वेळी प्रोजेक्ट खरोखर बंद झाले आहे याची टास्क मॅनेजरमध्ये खात्री करावी. एक्सेलमधून प्रोजेक्टला हाक मारणारी साधने कधी कधी त्याला सोडायला विसरतात; मग खिडकी दिसत नाही, पण विनप्रोज.एक्सई मागे चालूच राहते आणि आपण केलेले बदल लागू झाल्याचा केवळ भास होतो. सर्व ॲड-इन्स काढूनही दोष उरला, तर संशय ग्लोबल.एमपीटीवर जातो. ती फाइल पुसू नये. प्रोजेक्ट बंद असताना तिचे नाव बदलावे. प्रोजेक्ट पुढच्या वेळी कोरी ग्लोबल.एमपीटी तयार करते, आणि दोष गेला तर जुन्या फाइलीतले मॅक्रो व दृश्ये ऑर्गनायझर या प्रोजेक्टच्याच खिडकीतून एकेक करून नव्या फाइलीत आणता येतात. पुसून टाकली, तर वर्षानुवर्षे जमवलेले मॅक्रो तिच्याबरोबर जातात.

प्रोजेक्ट पूर्णपणे कोसळत असेल, तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन या भागात १००० क्रमांकाची नोंद सापडते. तिच्यात कोसळलेल्या प्रोग्रॅमचे नाव आणि त्याखाली ज्या मॉड्यूलमध्ये तो कोसळला त्याचे नाव असते. त्या मॉड्यूलचे नाव ॲड-इनच्या डीएलएलचे असले, तर गुन्हेगार सापडण्याची शक्यता मोठी. विंडोजच्या किंवा डॉटनेटच्या फाइलीचे असले, तर त्याच वेळेची १०२६ क्रमांकाची डॉटनेटची नोंदही वाचावी, कारण चुकीचा सविस्तर माग तिच्यात असतो.

पुरवठादाराला कळवताना ‘ॲड-इन चालत नाही’ एवढेच लिहिले, तर उलट टपाली पुन्हा इन्स्टॉल करण्याचाच सल्ला येतो. त्याऐवजी प्रोजेक्टची पूर्ण आवृत्ती आणि ३२ की ६४ बिट हे लिहावे, ॲड-इनची आवृत्ती, ते कोणत्या गटात दिसते आणि दुसऱ्या वापरकर्त्याच्या लॉगिनमध्ये चालते का हेही लिहावे, आणि इव्हेंट व्ह्यूअरमधील नोंद जशीच्या तशी चिकटवावी. फाइल पाठवायची झाल्यास मूळ फाइल पाठवू नये. प्रत करावी, तिच्यातले दर आणि माणसांची नावे काढावीत, आणि दोष दिसतो तेवढीच कामे ठेवावीत. आमच्या क्युरिंगच्या प्रकरणात शेवटी एकाच ओळीची फाइल पाठवावी लागली होती.